सारसोळे सॉफ्टवेअर, तुर्भे

परवा आमच्या बैठकीत तुर्भ्याच्या ऑफिसातली एक नवी मुलगी पडद्यावर आली. समोर इथल्या, नॉर्वेतल्या, बंदर खात्याची माणसं बसली होती. मुलगी हसून म्हणाली, "हाय, आय ॲम रॉनी." तिचं नाव रोहिणी. मी माईक बंद केला आणि तिला मराठीतून लिहिलं, "पूर्ण नाव सांग. जमेल त्यांना." ती जरा गोंधळली, पण तिने सांगितलं. बंदर खात्याच्या एका वयस्कर गृहस्थांनी दोनतीनदा जीभ वळवून पाहिली आणि शेवटी 'रोहिणी' बरोबर म्हटलं. स्वतःवरच खूश होऊन त्यांनी चष्मा काढून पुसला. बैठक पुढे सरकली. माझं मन मात्र तांडेलताईंपाशीच थांबलं.

ताईंना जाऊन आता दोन पावसाळे झाले. मी नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात राहते आणि त्यांच्याच कंपनीचं इथलं दोन खोल्यांचं ऑफिस सांभाळते. खिडकीतून धक्का दिसतो. बेटांवर जाणाऱ्या बोटी दिवसभर सुटतात, येतात, आणि त्यातल्या प्रत्येक बोटीवर चढणाऱ्या माणसाचं नाव आमच्या सॉफ्टवेअरमधून किनाऱ्यावर पोचतं. हे सगळं ज्या बाईमुळे घडलं, ती बाई मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा जिन्यात उभी राहून फोनवर ओरडत होती.

तुर्भ्याला पुठ्ठ्याची खोकी तयार करणारा एक कारखाना होता. त्याच्या वरच्या मजल्यावर ताईंचं ऑफिस. खाली दिवसभर मशीनची खटखट, वर सात-आठ माणसं संगणकासमोर. मी कराडकडून शिकून आलेली, घणसोली गावात आणखी दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहत होते. तोवर तीन ठिकाणी नकार ऐकला होता. कारण एकच: काम येतं, पण परदेशातल्या माणसाशी बोलता येईल असं इंग्रजी नाही. चौथा नकार घ्यायचा म्हणूनच मी तो जिना चढले.

ताई पन्नाशीच्या अलीकडच्या. उंच, खांद्याने रुंद, सुती साडीखाली पळायचे बूट. आवाज असा की त्यांना फोन लागतो कशाला, असं वाटावं. मला समोर बसवलं आणि विचारलं, "घणसोलीला कुठे राहतेस?"

"गावात. देवळामागच्या गल्लीत."

"बरं. मी कधी भारतात आलेलीच नाही असं समज. मी आता आत जाऊन तुला फोन करते. तुझ्या खोलीपासून इथपर्यंत कसं यायचं, मला इंग्रजीत सांग."

त्या खरंच आतल्या खोलीत गेल्या आणि फोन वाजला. मी अडखळत, चुकत सांगत गेले. दारातून बाहेर पडा, डावीकडे वळा, दुकान लागेल. मग म्हटलं, आता छत्री मिटा, कारण पुढची गल्ली इतकी अरुंद आहे की उघडी छत्री जात नाही. फोनच्या पलीकडे हसू ऐकू आलं. ताई बाहेर आल्या.

"सोमवारपासून ये."

"पण मॅडम, माझं इंग्रजी..."

"व्याकरण येईल. छत्री मिटा म्हणालीस ना, ते शिकवून येत नाही. समोरचा माणूस कुठे अडकणार, हे तुला आधी दिसतं. आपला धंदा तोच आहे. आणि मॅडम नको. ताई म्हण."

त्या सारसोळ्याच्या. नेरूळच्या उंच इमारतींमध्ये उरलेलं ते कोळ्यांचं जुनं गाव. वडिलांची होडी होती, आई मासे विकायची, आणि ही मुलगी इंजिनियर झाली. म्हाप्याच्या एका मोठ्या कंपनीत त्यांनी बरीच वर्षं काम केलं. परदेशी ग्राहकांची कामं त्या इथे बसून निस्तरायच्या, पण ग्राहकाकडे जायची वेळ आली की दुसरंच कोणीतरी विमानात बसायचं. एकदा त्यांनी साहेबाला कारण विचारलं. तो म्हणाला, "यू आर टू लोकल." हे वाक्य ताई आम्हाला हुबेहूब त्याच्या आवाजात ऐकवायच्या आणि मनापासून हसायच्या. त्याच महिन्यात त्यांनी नोकरी सोडली, आणि आपल्या कंपनीला गावाचं नाव दिलं. सारसोळे सॉफ्टवेअर. सगळ्यांनी वेड्यात काढलं. कोणी म्हणालं, ग्लोबल वाटेल असं काहीतरी ठेव. कोणी म्हणालं, हा 'ळ' परदेशात कोण म्हणणार?

"शिकतील," ताई म्हणाल्या. "आपण त्यांचं सगळं शिकलो ना?"

हे त्या नुसतं बोलत नसत. आमच्याकडे ज्ञानेश्वर नावाचा मुलगा होता. शांत, कामात पक्का. त्याने कधीतरी आपण होऊन फोनवर 'डॅन' सांगायला सुरुवात केली होती. ताईंच्या कानावर पडलं. त्यांनी त्याला काही म्हटलं नाही. पुढच्या फोनवर त्या स्वतः बसल्या आणि समोरच्या इंग्रज बाईला म्हणाल्या, "तुमचं काम करणाऱ्या माणसाचं नाव ज्ञानेश्वर आहे. जरा कठीण आहे. आपण एकत्र म्हणू या." आणि मग पाच-सहा वेळा, शाळेत पाढे म्हणतात तसं, तुर्भे आणि लंडन मिळून 'ज्ञा-ने-श्व-र' म्हणत होते. ज्ञानेश्वर लाजून लालबुंद. पण त्या दिवसानंतर ती बाई त्याला पूर्ण नावाने हाक मारायची, आणि आमच्या लक्षात आलं, ती त्याच्याशी पूर्वीपेक्षा जास्त नीट बोलते.

ताईंच्या अशा काही गोष्टी पक्क्या होत्या. फोनवर बोलताना त्या उभ्या राहायच्या. बसून बोललं की आवाज पोटातच राहतो, असं त्यांचं म्हणणं. ऑफिस संध्याकाळी बंद म्हणजे बंद. आजूबाजूच्या कंपन्यांमध्ये परदेशी वेळेसाठी मुलं जागायची. ताई म्हणायच्या, "आपण काम एक्स्पोर्ट करतो, झोप नाही." आणि कारण नसताना 'सॉरी' लिहिलेलं त्यांना खपत नसे. माझं प्रत्येक पत्र सुरुवातीला 'सॉरी टू डिस्टर्ब यू'नेच सुरू व्हायचं. ताई मागे येऊन उभ्या राहायच्या. "काय चुकलं तुझं?" "काही नाही." "मग ते पुसून टाक. माफी चुकीसाठी ठेव, तेव्हा लागते."

सकाळी आल्या आल्या त्या नॉर्वेचं हवामान पाहायच्या. आमचं सर्वात मोठं काम तिथल्या एका बोट कंपनीचं होतं. तिकिटं आणि प्रवाशांच्या याद्या. "आज तिकडे वारा हाय रे," ताई मोठ्याने सांगायच्या. घरची बोली त्यांच्या तोंडी अशीच मध्येच यायची. "दुपारच्या बोटी रद्द होतील. लोक तिकिटं बदलतील. सर्व्हर बघून घ्या." त्यांनी तो समुद्र कधी पाहिला नव्हता. पण तो जणू सारसोळ्याच्या पुढेच सुरू होतो, अशा त्या बोलायच्या.

एकच दुखणं होतं. हे काम आमच्याकडे थेट आलेलं नव्हतं. मध्ये लंडनची एक कंपनी होती आणि तिचा मालक मार्टिन. काम आम्ही करायचं, नाव त्याचं लागायचं. करारात स्पष्ट लिहिलेलं होतं की नॉर्वेतल्या लोकांशी आम्ही कधीही, कशासाठीही बोलायचं नाही. आम्ही आहोत, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ताईंनी सुरुवातीला ते मान्य केलं होतं, कारण दुसरा रस्ता नव्हता. पण पडद्यावर मार्टिनच्या कंपनीचं चिन्ह दिसलं की त्या एक क्षण थांबायच्या, आणि मग पुढे वाचायच्या.

मग तो दिवस आला. इकडे जेवणाची वेळ होत आलेली, तिकडे सकाळ. ज्ञानेश्वरने हाक मारली. एका बेटावरची बोट प्रवाशांची यादी किनाऱ्यावर पाठवायचा प्रयत्न करत होती आणि यादी परत परत नाकारली जात होती. तिकडचा नियम असा की यादी पोचल्याशिवाय बोट धक्क्यावरून हलत नाही. समुद्रात काही झालं तर आत कोण होतं, हे किनाऱ्याला माहीत हवं.

ताईंनी मार्टिनला फोन केला. लंडनला त्या दिवशी सुट्टी. फोन उचलेना. दुसरा नंबर, तिसरा नंबर. सगळीकडे नुसती रिंग. पडद्यावर ती बोट यादी पाठवतच होती.

ज्ञानेश्वर म्हणाला, "ताई, आपण थांबू या. करार..."

ताई उभ्या राहिल्या. "बोटीत माणसं बसलीत ना? मग थांबायचं कशाला?" त्यांनी बोट कंपनीच्या संकेतस्थळावरून धक्क्याचा नंबर काढला, जो कुठल्याही प्रवाशाला मिळेल, आणि लावला.

पलीकडे सिग्रिड नावाची बाई होती, त्या धक्क्याची प्रमुख. ती वैतागलेली. बोटीत एक म्हातारा होता, त्याला मुख्य किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलात डायलिसिसला न्यायचं होतं. त्याच्याबरोबर नर्स होती. पुढची बोट दुपारी. "तुम्ही कोण?" तिने विचारलं.

"तुमचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो," ताई म्हणाल्या. "माझं नाव वैजयंती तांडेल. मी भारतातून, तुर्भ्याहून बोलते आहे. आधी बोट सोडू, मग ओळख करून घेऊ. तुम्ही मला एकेक प्रवाशाचं नाव वाचून दाखवा, आमचा ज्ञानेश्वर इथून ती थेट किनाऱ्याच्या यंत्रणेत घालेल."

ती नावं वाचत गेली. ताई मोठ्याने म्हणत गेल्या, ज्ञानेश्वर टाइप करत गेला, मी पडताळत गेले. खाली मशीनची खटखट चालू. कसला आवाज येतो, सिग्रिडने विचारलं. "खोकी बनतायत," ताई म्हणाल्या, "तुम्ही वाचा." मग सिग्रिड थांबली. "आता एक फार अवघड नाव आहे. आमच्या नर्सचं. ती श्रीलंकेची आहे. मी एकेक अक्षर सांगते. एस, आय, व्ही, ए, जी, ए, एम, ए, एस, यू, एन... आणि आडनाव बी, ए, एल, ए, एस, यू, बी..."

"थांबा," ताई ओरडल्या. "शिवगामसुंदरी! पुढे काय, बालसुब्रमण्यम?"

मग सिग्रिडने धक्क्यावरच्या कोणाला तरी काहीतरी सांगितलं आणि लांबून एका बाईचा हसण्याचा आवाज आला. भारतातून कोणीतरी आपलं नाव एका दमात घेतलं, हे तिच्यापर्यंत पोचलं होतं.

यादी गेली. सिग्रिड म्हणाली, "बोट निघाली." ताई खुर्चीत बसल्या आणि पदराने चेहरा पुसला.

दोष त्या लांब नावापाशीच होता. मार्टिनच्या माणसांनी आम्हाला न सांगता त्या कार्यक्रमात एक भाग जोडला होता आणि त्यात नावाची जागा आखूड ठेवली होती. त्यात मावणार नाही असं नाव आलं की अख्खी यादीच बाद. सिग्रिडला हे समजल्यावर ती म्हणाली, यापुढे अशा प्रवाशांची नावं आम्ही छोटी करून लिहू. ताई म्हणाल्या, "अजिबात नको. माणसाचं नाव सिस्टिममध्ये मावत नसेल तर सिस्टिम मोठी करायची. संध्याकाळपर्यंत करतो." आणि केली.

पुढच्या आठवड्यात मार्टिन पडद्यावर आला. आवाज गोड, पण शब्द कडक. करार मोडला गेला आहे. लेखी माफी हवी, आणि पुन्हा असं होणार नाही अशी सही. नाहीतर काम बंद. आमच्या पगाराचा मोठा भाग त्या एका कामातून यायचा.

"मार्टिन," ताई उभ्या राहून म्हणाल्या, "चूक झाली असती तर मी आज पहिली माफी मागितली असती. पण त्या दिवशी बोट सुटली. त्याबद्दल माफी कशी मागू?"

त्याने काम काढून घेतलं.

त्यानंतरचे महिने वाईट होते. हे मी गोड करून सांगणार नाही. वाशीच्या एका हॉस्पिटलचं, कोपरखैरण्याच्या एका शाळेचं, मिळेल ते काम ताई आणायच्या. त्यांनी कोणालाही काढलं नाही, पण दोघं स्वतःहून गेले. ताईंची आई, हिराबाई, त्या दिवसांत दुपारी स्वतः डबा घेऊन ऑफिसात यायची. भात, बोंबलाचं कालवण. बसायला सांगितलं तरी उभीच राहून सगळ्यांच्या ताटात बघायची. एकदा ज्ञानेश्वर जेवेना. हिराबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "खा रे बाला. कंपनी बंद परली तरी जेवान बंद नाय व्हनार. आनि माजी पोर बंद परू देनार नाय." ज्ञानेश्वरने मान खाली घालून भात कालवला.

त्या काळात एकदाच मी ताईंना गप्प पाहिलं. खिडकीशी उभ्या होत्या. मी विचारलं, "ताई, टेन्शन आलंय?" त्या म्हणाल्या, "टेन्शन नाही गं. त्या नर्सचा हसण्याचा आवाज आठवला." बस्स. परत जागेवर जाऊन कामाला लागल्या.

मग सिग्रिडचं पत्र आलं, अगदी दोन ओळींचं. बोट कंपनी सगळ्या मार्गांसाठी नवं सॉफ्टवेअर घेणार आहे, निविदा खुली आहे, कुठल्याही देशातून भरता येते, तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. ताईंनी पत्र मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "कोण कोण तयार?" सगळे हात वर.

आम्ही काय काम केलं त्या दिवसांत! जुनं काहीच वापरायचं नव्हतं, ते मार्टिनचं होतं. सगळं पायापासून. ताई प्रत्येक पडद्यासमोर बसून विचारायच्या, "पावसात भिजलेला, हातात मूल असलेला माणूस आहे. त्याला हे बटण दिसेल का?" नाही म्हटलं की पुन्हा करायचं. शेवटच्या फेरीत तीन कंपन्या उरल्या. त्यात आम्ही होतो. आणि मार्टिनही.

नॉर्वेला ताई आणि मी गेलो. माझा पहिला विमानप्रवास, आणि इतकी वर्षं परदेशाचं काम करूनही ताईंचासुद्धा. बैठकीच्या दिवशी त्यांनी हिरवी साडी नेसली, वर जाड कोट, पायात तेच बूट. बाहेरच्या खोलीत मार्टिन भेटला. त्याने शिष्टाचाराने हात पुढे केला, ताईंनी घट्ट हातात घेतला. "तुम्ही लांबून आलात," तो म्हणाला. "नाही हो," ताई म्हणाल्या, "समुद्र एकच आहे."

आत लांब टेबल होतं. संचालक बसलेले, कोपऱ्यात सिग्रिड. अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ, पूर्वी बोटीवर कप्तान होते. त्यांनी आमचं सादरीकरण सुरूच होऊ दिलं नाही. "मला एवढंच सांगा," ते म्हणाले, "वादळात माझी बोट अडकली, तर हजारो मैलांवरून तुम्ही काय करणार? फोन तरी उचलणार का?"

मी उत्तर तयार केलेलं होतं. तक्ते होते, आकडे होते. ताईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"तुम्हीच लावून बघा," त्या म्हणाल्या आणि नंबर सांगितला.

अध्यक्षांनी टेबलावरचा फोन ओढला, आवाज मोठा केला, नंबर लावला. दुसरी रिंग पुरी होण्याआधी पलीकडून आवाज आला, स्वच्छ, न घाबरलेला. "सारसोळे सॉफ्टवेअर, ज्ञानेश्वर बोलतोय. मी काय मदत करू?"

अध्यक्ष काही बोलणार तोच कोपऱ्यातून सिग्रिड ओरडली, "ज्ञानेश्वर!" अगदी बरोबर, 'श्व' सकट. ज्ञानेश्वर पलीकडून म्हणाला, "सिग्रिड? बोट अडकली का?" आणि सगळं टेबल हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी फोन ठेवला आणि ताईंकडे पाहत म्हणाले, "आता दाखवा तुमचं."

ताईंनी दाखवलं नाही. त्यांनी तिकिटाचं यंत्र संचालकांच्याच पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "प्रत्येकाने आपलं पूर्ण नाव घाला. आई-वडिलांनी ठेवलेलं, अख्खं." ती सगळी मोठी माणसं मुलांसारखी एकेक करून नावं टाइप करू लागली. त्यांच्या भाषेतली टोपीवाली अक्षरं, मध्ये रेघ मारलेली अक्षरं, कोणाची तीन-तीन नावं. प्रत्येकाचं तिकीट बाहेर पडत होतं आणि तो ते उचलून निरखत होता. शेवटी सिग्रिड उठली आणि तिने शिवगामसुंदरी बालसुब्रमण्यम असं घातलं. तिकीट आलं. तिने ते अध्यक्षांपुढे ठेवलं. त्यांनी नाव बोटाने शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं आणि मान डोलावली.

निकाल आम्ही परतल्यावर काही दिवसांनी आला. दुपार होती. ताईंनी पत्र उघडलं, उभ्या राहिल्या, आणि जिना उतरून खाली गेल्या. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मग खालची खटखट बंद झाली. इतक्या वर्षांत दिवसाढवळ्या ती मशीन मी पहिल्यांदाच बंद झालेली ऐकली. आणि त्या शांततेत खालून ताईंचा आवाज आला, "आपली झाली रे! आख्खी झाली! सगले मार्ग आपले!"

खालचे कामगार टाळ्या वाजवत वर आले. ज्ञानेश्वर रडत होता आणि हसत होता. ताईंनी आईला फोन लावला आणि "तू सांग," म्हणत माझ्या हातात दिला. मी सांगितलं, "आजी, नॉर्वेचं काम आपल्याला मिळालं. आपल्या नावाने." हिराबाईने मग विचारलं, "आतापरयंत तिकीटावर नाव कोनाचा यायचा?" मी म्हटलं, "दुसऱ्याचं. आता सारसोळ्याचं येणार." "मंग बरा झाला," ती म्हणाली. "आज सगल्यांना घरी आन. मी पापलेट बगते."

त्या संध्याकाळी सारसोळ्याला आम्ही सगळे, खोक्यांच्या कारखान्यातली माणसंसुद्धा, ताईंच्या अंगणात जेवलो. हिराबाई वाढताना प्रत्येकाला सांगत होती की तिकडच्या बोटी आता आमच्या पोरीला विचारून सुटतात. कोणी दुरुस्त केलं नाही.

त्यानंतर कंपनी वाढली, दुसरे देश आले, बेटांचे, खाड्यांचे, नद्यांचे. ऑफिस मोठं झालं, पण ताई तुर्भ्यातून हलल्या नाहीत. मला इथे पाठवायचं ठरलं तेव्हा मी घाबरले. त्या म्हणाल्या, "तुला रस्ता सांगता येतो. जा."

त्या इथे एकदाच आल्या. तब्येत तेव्हाच थोडी उतरली होती, त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. उन्हाळा होता, स्वच्छ ऊन. त्यांना त्याच बेटावर जायचं होतं, ती बोट पाहायची होती. बोट कंपनीने त्यांना पाहुणी म्हणून बोलावलं होतं, पण त्यांनी रांगेत उभं राहून तिकीट काढलं. खिडकीतल्या मुलाला आपलं नाव हळूहळू सांगितलं आणि तिकीट हातात आल्यावर उन्हात धरून मोठ्याने वाचलं. वैजयंती हरिश्चंद्र तांडेल. खाली बारीक अक्षरांत, सारसोळे सॉफ्टवेअर, तुर्भे. त्यांनी ते मला दाखवलं नाही, घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं.

मला धक्क्यावर काम होतं, म्हणून मी खालीच थांबले. ताई एकट्याच चढल्या. रेलिंगला धरून उभ्या राहिल्या नाहीत, सरळ वर, कप्तान बसतो त्या काचेच्या खोलीच्या दाराशी गेल्या. कप्तान तरुण होता. ताई त्याला काहीतरी विचारत होत्या, हाताने पाणी दाखवत होत्या, वारा दाखवत होत्या. त्याने दार उघडून त्यांना आत घेतलं. दोरखंड सुटले, बोट धक्क्यापासून हळूच लांब झाली. काचेमागे त्यांचा कोट दिसत होता. कप्तान बाजूला सरकला आणि त्याने वरच्या एका दांड्याकडे बोट दाखवलं.

ताईंनी हात उंच केला आणि तो दांडा ओढला.

भोंगा वाजला. त्या अख्ख्या खाडीत घुमला, समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. धक्क्यावरची माणसं थबकली, सिग्रिड ऑफिसातून धावत बाहेर आली, वरच्या घरांतून लोक दारांत येऊन उभे राहिले. भोंगा थांबला आणि लगेच पुन्हा वाजला, आधीपेक्षा लांब. मी हात हलवत होते. त्यांनी मला पाहिलं की नाही, माहीत नाही. त्या पुढे समुद्राकडे बघत होत्या, आणि इतक्या लांबूनही मला स्पष्ट दिसलं की त्या मोठ्याने काहीतरी ओरडत होत्या.